सफर आणि सीमारेषा

आफ्रिकेतील श्वापदे पाहण्याच्या सहलीस जगभर ‘सफारी’ म्हणतात. हा शब्द स्वाहिली भाषेतला. पण त्याचे मूळ अरबी आहे आणि आपली ‘सफर’ही त्याच मुळाची. मूळ अर्थ केवळ प्रवास. त्याला रक्ताचा वास लागला तो गोऱ्या शिकाऱ्यांमुळे. १९०९ साली अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट पूर्व आफ्रिकेत गेले. त्या एका मोहिमेत त्यांनी व त्यांच्या चिरंजीवांनी मिळून ५१२ जनावरे मारली. पुढे बंदूक मागे पडून कॅमेरा पुढे आला. केनियाने तर १९७७ साली शिकारीवर बंदीच घातली.

आज प्रवासी टांझानियातील सेरेंगेटीत जातो. दहा लाखांहून अधिक विल्डबीस्ट पावसामागे धावताना पाहून त्यास वाटते, ही भूमी अनादि कालापासून निर्मनुष्य असावी. इतिहास निराळे सांगतो. ‘अंतहीन माळ’ या अर्थाचे हे नावच मासाई गुराख्यांच्या बोलीतून आले आहे. १९५१ साली ब्रिटिश अमलाखाली येथे राष्ट्रीय उद्यान झाले, तेव्हा मासाई आपल्या गुरांसह तेथेच नांदत होते. १९५८ साली त्यांच्या बारा वडीलधाऱ्यांकडून पश्चिम सेरेंगेटी सोडण्याच्या करारावर सह्या घेण्यात आल्या. १९५९ साली उद्यानाची सीमा नव्याने आखली गेली आणि पूर्वेकडील गोरोंगोरो प्रदेश मासाईंच्या वस्तीसह वेगळा काढण्यात आला.

त्याच सुमारास बर्नहार्ड ग्रझिमेक हे जर्मन पितापुत्र झेब्र्यासारखे पट्टे रंगवलेल्या विमानातून कळप मोजीत होते. कळपांची वाट कागदावरील रेषेबाहेर जाते, असे त्यांस आढळले. जानेवारी १९५९ मध्ये पुत्र मिखाएल विमान कोसळून मरण पावला. गोरोंगोरोच्या काठावर त्याची समाधी आहे. म्हणजे ती रेषा ना माणसांच्या सोयीची होती, ना जनावरांच्या!

आम्हां सरकारी नोकरांचे आयुष्य अशाच नकाशांच्या व करारांच्या नकला काढण्यात जाते. हुकूम निघाला की आम्हीही बिऱ्हाड उचलतो. पण सेवा संपल्यावर गावी परतण्याची सोय आम्हांस असते. मासाईंच्या बदलीत तसे कलम नव्हते. आश्वासन मात्र होते. पशू व माणूस यांच्या हितांत विरोध आल्यास माणसाचे हित आधी पाहिले जाईल, असे १९५९ साली गव्हर्नर टर्नबुल यांनी मासाई प्रतिनिधींस सांगितले होते. तरीही १९७५ साली गोरोंगोरोत शेतीस बंदी झाली. १९९२ साली ती उठली, पण नंतर पुन्हा आली. आणि २०२२ पासून तेथील कुटुंबांना दूरच्या म्सोमेरा गावी हलविण्यास आरंभ झाला. तोवर परकी सत्ता जाऊन साठ वर्षे लोटली होती.

वन्य पशू जगले पाहिजेत, याविषयी आमच्या मनात संदेह नाही. रूझवेल्टच्या बंदुकीपेक्षा प्रवाशाचा कॅमेरा शतपटीने बरा. परंतु त्या कॅमेऱ्याच्या चौकटीत माणूस का दिसत नाही, हेही पाहणाऱ्याने विचारावे. जे माळ आपणांस निर्जन भासते, ते कोणीतरी रिकामे करून दिलेले असते.