'डी क्रॅशेरिस': एका कोटीचा इतिहास

१/ फॉर्म्युला वनचे बहुतेक चालक विजयांमुळे स्मरणात राहतात. आन्द्रेआ डी चेझारिस मात्र एका शाब्दिक कोटीमुळे राहिला.

२/ १९८१ मध्ये मॅकलारेन संघात आलेल्या या तरुण इटालियन चालकाचे अपघात इतके वाढले, की इंग्रजीतील 'क्रॅश' त्याच्या आडनावात घुसला आणि 'डी क्रॅशेरिस' हे टोपणनाव रूढ झाले. त्या वर्षी नेदरलँड्समधील झँडफोर्ट येथे, आणखी मोडतोड नको म्हणून, संघाने त्याची गाडी शर्यतीपूर्वीच मागे घेतली.

३/ पुढच्याच हंगामात, वयाच्या २२व्या वर्षी, अमेरिकेतील लाँग बीच येथे त्याने पात्रता फेरीत पहिला क्रमांक पटकावला. इतक्या लहान वयात तोवर हे कोणालाही साधले नव्हते.

४/ १९९१ साली बेल्जियममध्ये, नवख्या जॉर्डन संघाच्या गाडीतून, तो अखेरच्या टप्प्यात आघाडीवरील आयर्टन सेनाच्या पाठोपाठ धावत होता. ऐन वेळी इंजिनाने दगा दिला.

५/ एकूण २०८ शर्यती, ५ वेळा पहिल्या तिघांत, विजय एकही नाही. ती कोटी रूढ झाल्यानंतरही तो १३ हंगाम शर्यतीत टिकला. कोटी सर्वांना पाठ आहे. ते १३ हंगाम मात्र नोंदींतच शोधावे लागतात.