आयपी ट्रंक : दूरध्वनी कॉलची वाट ठरते कशी?

अमरावतीहून अकोल्याला बोलायचे, तर एकेकाळी ट्रंक कॉलची नोंदणी करून ताटकळत बसावे लागे. जोडणी कोणत्या मार्गाने द्यायची, हे केंद्रातील ऑपरेटर ठरवीत असे. १९६० मध्ये कानपूर-लखनौ दरम्यान देशातील पहिली एसटीडी सेवा सुरू झाली आणि हे काम क्रमाक्रमाने यंत्राकडे गेले. आता दोन केंद्रांमधील दुवा अनेकदा आयपी ट्रंकचा, म्हणजे इंटरनेटच्या पद्धतीने चालणारा असतो. ट्रंक हा शब्द तेवढा टिकून राहिला.

या दुव्यावर आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतले जातात व त्यांची लहान लहान पाकिटे करून धाडली जातात. कॉल जोडण्या-तोडण्याचे निरोप मात्र 'सिप' नावाच्या स्वतंत्र नियमावलीनुसार जातात. निरोपातील क्रमांक पाहून केंद्र आपल्या राउटिंग तक्त्यातून पुढची वाट निवडते.

हा तक्ता लिहिणे वऱ्हाडात विशेष जिकिरीचे आहे. अमरावती विभागातील पाचही जिल्हा मुख्यालयांचे एसटीडी कोड ०७२ ने सुरू होतात : अमरावती ०७२१, अकोला ०७२४, यवतमाळ ०७२३२, वाशीम ०७२५२, बुलडाणा ०७२६२. त्यामुळे जास्तीत जास्त आकडे जुळणारा नियम आधी लागू व्हावा लागतो.

खरी मेख पुढेच आहे. अकोल्याच्या केंद्रात '०७२१ ने सुरू होणारा प्रत्येक क्रमांक अमरावतीच्या ट्रंकवर' असा नियम लिहिला, की वरवर सारे सुरळीत दिसते. परंतु १५ जानेवारी २०२१ पासून स्थिर दूरध्वनीवरून मोबाइल लावताना आधी शून्य फिरविणे बंधनकारक झाले आणि महाराष्ट्रात ७२१८, ७२१९ अशा आकड्यांनी सुरू होणारे मोबाइल क्रमांक आहेत. शून्य लावताच असा क्रमांक हुबेहूब अमरावतीचा भासतो. एकूण आकडेही तेवढेच, अकरा! केंद्र कोड गाळून उरलेले सात आकडे अमरावतीला पाठविते आणि तेथे तसा फोनच नसतो. ग्राहकाची तक्रार एवढीच, की मोबाइल लागत नाही. उपाय एका आकड्याचा आहे. अमरावतीचे जुने स्थिर दूरध्वनी २ ने सुरू होतात. म्हणून नियम ०७२१२ असा लिहावा व इतर कंपन्यांच्या मालिका स्वतंत्र नोंदवाव्यात.

अनोळखी क्रमांक दोन्ही केंद्रांनी एकमेकांकडे ढकलले, तर कॉल चेंडूसारखा फिरत राहतो. सिपमध्ये यासाठी साधारणतः ७० टप्प्यांची मर्यादा असते. तरीही ज्या ट्रंकवरून कॉल आला, त्याच ट्रंकवर तो परत न धाडण्याचा नियम हवाच. पर्यायी मार्गही विचारपूर्वक द्यावा. ट्रंक बंद असेल तर दुसरी वाट धरावी. पलीकडचा ग्राहक बोलत असेल, तर वाट बदलून काय साधणार?

सर्वांत गंभीर चूक तातडीच्या क्रमांकांची. एखाद्या संस्थेचे अकोल्यातील फोन आयपी ट्रंकने तिच्या अमरावतीच्या केंद्राला जोडलेले असतील आणि बाहेरचे सर्व कॉल तेथूनच निघत असतील, तर अकोल्यात आग लागल्यावर फिरविलेला १०१ अमरावतीच्या अग्निशमन दलाकडे वाजू शकतो. म्हणून अशा क्रमांकांचे नियम तक्त्यात अगदी वर ठेवून त्यांना अकोल्यातीलच बाहेरची लाइन द्यावी लागते. अग्निशमन दलाला पूर्वकल्पना देऊन चाचणीही अकोल्यातील फोनवरूनच घ्यावी. अमरावतीत बसून घेतलेल्या चाचणीत हा दोष दिसतच नाही.