रक्त माराकायबोच्या कोळ्यांचं, औषध कुणाचं?

व्हेनेझुएलात माराकायबो नावाचं मोठं सरोवर आहे. त्याच्या काठच्या कोळीवस्त्यांत काही घराण्यांना पिढ्यान्‌पिढ्या एक आजार लागलाय. तिशी-चाळिशीत हातपाय आपोआप हलायला लागतात, तोल जातो, बोलणं अडखळतं, पुढे बुद्धीही साथ सोडते. पंधरा-वीस वर्षांत सगळं संपतं. १९५० च्या दशकात डॉ. आमेरिको नेग्रेते तिथे गेले, तेव्हा झोकांड्या खाणारी ही माणसं त्यांना आधी दारू प्यायलेलीच वाटली. गावकरी याला नुसतं 'एल माल' म्हणायचे. म्हणजे 'ती पीडा'.

हाच हंटिंग्टनचा आजार. १८७२ मध्ये जॉर्ज हंटिंग्टन या तरुण अमेरिकन डॉक्टरने त्याचं नेमकं वर्णन केलं. आई-वडिलांपैकी एकाला असला तर प्रत्येक मुलाला धोका ५० टक्के. मुलगा असो की मुलगी, सरळ नाणेफेक.

१९७९ मध्ये नॅन्सी वेक्सलर या अमेरिकन संशोधक तिथे पोचल्या. आदल्याच वर्षी त्यांची आई याच आजाराने गेली होती. म्हणजे नाणं त्यांच्याही डोक्यावर फिरत होतं. त्यांच्या पथकाने १८ हजारांहून जास्त माणसांची वंशावळ मांडली, ४ हजारांवर लोकांनी रक्त दिलं. त्या रक्ताच्या जोरावर १९८३ मध्ये दोषाचा माग चौथ्या गुणसूत्रावर लागला आणि १९९३ मध्ये जनुकच सापडलं. त्यात 'सीएजी' ही तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. ती ४० किंवा जास्त वेळा आली की बिघडलेलं प्रथिन तयार होतं आणि मेंदूच्या पेशी हळूहळू मरतात.

आणि उपचार? टेट्राबेनाझिनला अमेरिकेत २००८ मध्ये मान्यता मिळाली. त्याने हातपायांची हालचाल कमी होते, आजार थांबत नाही. २०२० मध्ये वेक्सलर यांनी जाहीर केलं, आपल्यालाही तो झालाय.

आज जगात कुठेही कुणी याची रक्ततपासणी करून घेतो, तेव्हा त्यामागे त्या कोळ्यांचं रक्त असतं. २०१७ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी व्हॅटिकनमध्ये अशा कुटुंबांना भेटून त्यांची दखल घेतली. चांगलंच झालं. पण मिठीने औषध मिळत नाही. उद्या आजार थांबवणारं औषध निघालंच, तर त्याची किंमत ठरवताना हा हिशेब कुणी मांडणार आहे का? ज्यांनी दंड पुढे केला, त्यांचा नंबर रांगेत शेवटचा लागू नये, एवढंच.