धावण्याचे वार किती?

मनुष्य आरोग्यासाठी धावू लागला, ही गोष्ट फार अलीकडची आहे. त्यापूर्वी शतकानुशतके तो धावला तो शिकारीसाठी, लढाईसाठी आणि पोटासाठी. आज पालघरच्या रस्त्यांवर किंवा चिंचणीच्या ओल्या वाळूवर पहाटे जी मंडळी धावताना दिसतात त्यांना पोटाची चिंता तेथे आणीत नाही. आणि म्हणूनच त्यांच्यापुढे एक प्रश्न उभा राहतो, जो त्यांच्या पूर्वजांपुढे कधी उभा राहिला नव्हता. आठवड्यातून किती दिवस धावावे? कोणी म्हणतो, रोज धावल्यावाचून तो व्यायामच नव्हे. कोणी म्हणतो, रविवारी एकदा धावले की पुरे. दोघेही आपापला पक्ष हिरिरीने मांडतात. ह्या वादाचा निकाल तर्काने लागण्यासारखा नाही. तो धावणाऱ्यांच्या इतिहासातच शोधावा लागतो, आणि तो शोध ह्याच किनाऱ्यापासून आरंभिता येतो.

१७३७ ते १७३९ ह्या दोन वर्षांत चिमाजी आप्पांच्या सैन्याने पोर्तुगीजांचा उत्तर फिरंगाण जिंकून घेतला. १७३९ च्या जानेवारीत तारापूरच्या किल्ल्यावर घनघोर लढाई झाली. बाजी भीवराव रेठरेकर तेथे कामास आले आणि किल्ला मराठ्यांच्या हाती पडला. पुढे मे महिन्यात वसईही शरण आली. एवढ्या मोठ्या मोहिमेत छावणीची खबर पुण्यास आणि पुण्याचा हुकूम छावणीत पोहोचावयाचा, तो जासूदांच्या पायांनी. घाईच्या कामासाठी सांडणीस्वार आणि घोडेस्वार असत हे खरे. परंतु घाटवाटा, खाड्या आणि रान तुडवीत जाणाऱ्या पायी जासूदांवाचून त्या काळचा कारभार चालणे शक्यच नव्हते.

पुढे इंग्रजी अमदानीत टपालाची व्यवस्था लागली, तेव्हाही ती प्रथम माणसांच्या पायांवरच उभी राहिली. पाठीवर किंवा खांद्यावर टपालाची थैली, हातात घुंगरू बांधलेली काठी, आणि एका ठराविक मुक्कामापर्यंत एका चालीने धाव, असे त्या हलकाऱ्याचे जिणे असे. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. तो हलकारा सारी वाट एकटा धावत नसे. आपला काही मैलांचा टप्पा संपला की थैली दुसऱ्याच्या हवाली करून तो बसे. ‘टपाल’ हा शब्दच ‘टप्प्या’वरून आला असावा, असे पुष्कळांचे मत आहे, ते खरे मानले तर पत्राच्या वेगाचे रहस्य आपल्या भाषेने नावातच जपून ठेवले आहे असे म्हणावे लागेल. टपाल वेगाने जाई ते एकाच माणसाच्या न थकणाऱ्या पायांमुळे नव्हे. दमलेल्याला विसावा आणि ताज्या दमाच्या माणसाला धाव, ह्या वाटणीमुळे. १८६४ साली मुंबई-अहमदाबाद लोहमार्ग ह्या किनाऱ्याने सुरू झाला, टपाल आगगाडीत चढले, आणि पोटासाठी धावण्याचा तो धंदा येथे मागे पडला.

धावणे धंदा म्हणून मागे पडत असता खेळ म्हणून पुढे येत होते. महाराष्ट्रात ह्या बदलाची ठळक खूण म्हणजे पुण्याचे डेक्कन जिमखाना. १९१९ साली तेथे भरलेल्या शर्यती सर दोराबजी टाटा ह्यांनी पाहिल्या. धावणारे बहुतेक साधे शेतकरी, पायांत काही न घालता धावणारे. परंतु त्यांच्या धावण्याच्या वेळा युरोपातील धावपटूंच्या जवळपास येत होत्या. टाटांना आश्चर्य वाटले आणि त्यातूनच १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला हिंदी चमू पाठविण्याचा उद्योग झाला. त्या चमूत बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले होते. मॅरेथॉनचे सुमारे सव्वीस मैलांचे अंतर त्यांनी दोन तास पन्नास मिनिटे आणि काही सेकंदांत तोडून एकोणिसावा क्रमांक मिळविला. ज्या देशातून अशी शर्यत धावण्यास पूर्वी कोणी गेलेच नव्हते, त्या देशाच्या पहिल्या वारीचे हे फळ लहान म्हणता येत नाही.

पुढील तीन दशकांत जगातील नामांकित धावपटूंनी जी कीर्ती मिळविली ती रोजच्या धावण्याने. नाताळ प्रांतातील शेतकरी आर्थर न्यूटन ह्यांनी चाळिशीच्या उंबरठ्यावर धावण्यास आरंभ केला आणि दक्षिण आफ्रिकेतील कॉम्रेड्स नामक दीर्घ शर्यत पाच वेळा जिंकली. त्यांचा उपदेश असा, की सावकाश धावा, परंतु नित्य धावा. चेकोस्लोव्हाकियाचे एमिल झाटोपेक ह्यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये पाच हजार मीटर, दहा हजार मीटर आणि मॅरेथॉन अशा तिन्ही शर्यती जिंकल्या. त्यांचा सराव तर असा कठोर की ऐकणाऱ्यास धडकी भरावी. न्यूझीलंडचे धावण्याचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड आपल्या शिष्यांकडून आठवड्यास शंभर मैल धावून घेत. अशा पराक्रमांच्या हकीकती वाचून सामान्य माणसाने रोज धावण्यातच पुरुषार्थ मानला, ह्यात नवल नाही. परंतु झाटोपेकचे हाड, त्याचे वय आणि त्याचा अनेक वर्षांचा सराव ह्यांचा हिशेब त्या हकीकतींत नसतो.

हा हिशेब मांडला तो अमेरिकेतील ऑरेगॉन विद्यापीठाचे क्रीडाशिक्षक बिल बॉवरमन ह्यांनी. १९६२ च्या अखेरीस ते न्यूझीलंडला गेले असता लिडियार्डच्या प्रेरणेने पन्नाशी-साठीची माणसे मंदगतीने धावताना त्यांनी पाहिली. परत आल्यावर एका हृदयवैद्याच्या सहकार्याने त्यांनी ‘जॉगिंग’ हे पुस्तक लिहिले. १९६७ साली ते प्रसिद्ध झाले आणि गावोगाव माणसे धावू लागली. बॉवरमन ह्यांचे सूत्र सोपे होते: एक दिवस श्रमाचा, दुसरा हलका. हलकाऱ्याच्या टप्प्याची जी रीत, तीच येथे आठवड्याच्या दिवसांना लागू झाली. फरक इतकाच की थैली घ्यावयास दुसरा माणूस नव्हता. त्याच माणसाने एका दिवसाचा भार दुसऱ्या दिवशी खाली ठेवावयाचा.

ह्या सूत्राची कसोटी १९७७ साली अमेरिकेतील पोलॉक नामक संशोधकाने व त्याच्या सहकाऱ्यांनी लावली. तरुण पुरुषांचे गट करून वीस आठवडे त्यांना अर्धा-अर्धा तास धावावयास लावले; कोणास आठवड्यातून एक दिवस, कोणास तीन दिवस, कोणास पाच दिवस. एक दिवस धावणाऱ्यांत इजा कोणासच झाली नाही. तीन दिवस धावणाऱ्यांत शेकडा १२ जणांस, आणि पाच दिवस धावणाऱ्यांत शेकडा ३९ जणांस झाली. पाच दिवस धावणाऱ्यांचा दमसास अधिक वाढला हे खरे; परंतु तीन दिवसांवरून पाचांवर जाताना जेवढे पदरी पडले त्याच्या मानाने किंमत फार मोठी मोजावी लागली.

ह्याचे कारण शरीराच्या घडणीत आहे. नव्याने धावणाऱ्याचे हृदय व फुप्फुसे काही आठवड्यांतच सरावतात. परंतु स्नायुबंध आणि नडगीचे हाड सरावण्यास महिने लागतात. धावण्याच्या श्रमानंतर पहिला दीड दिवस स्नायुबंधांत झीज अधिक आणि भर कमी असते. मग भरीचे पारडे जड होते. रोज धावणारा नवशिका ही भर पुरी होण्यापूर्वीच नवी झीज आरंभितो. दम टिकतो म्हणून त्यास वाटते की आपण बळकट झालो. आणि एके दिवशी नडगी दुखू लागली की तो महिनाभर घरी बसतो. अतिउत्साहाने गमावलेला हा महिना पुष्कळांच्या बाबतीत शेवटचा ठरतो. ते पुन्हा धावण्याच्या वाटेस जात नाहीत.

थोड्या धावण्याचे फळही थोडे नाही. १९६८ साली डॉक्टर केनेथ कूपर ह्यांच्या ‘एरोबिक्स’ ग्रंथाने हा विचार घरोघर नेला. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या, पंचावन्न हजारांहून अधिक अमेरिकन स्त्रीपुरुषांच्या पाहणीत असे दिसले, की आठवड्यातून एकदोनदा आणि तेही सावकाश धावणाऱ्यांचे मृत्युमान न धावणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे कमी होते. पुढील वर्षी कोपनहेगनच्या पाहणीत आठवड्यातून दोनतीन वेळा मंदगतीने धावणारे सर्वांत लाभात आढळले. फार कठोर धावणाऱ्यांची संख्या तीत इतकी अल्प होती की त्यांच्याविषयीचा निष्कर्ष मात्र जपूनच घ्यावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी जोमदार व्यायामाचे प्रमाण सांगितले तेही आठवड्यास ७५ ते १५० मिनिटांचे. पंचवीस ते पन्नास मिनिटांचे तीन दिवस झाले की ते सहज भरून निघते.

आता पुन्हा ह्या किनाऱ्याकडे वळावे. १९६९ साली तारापूरचे अणुविद्युत केंद्र चालू झाले, बोईसरला औद्योगिक वसाहत वाढली, आणि जेथे दिवस सूर्याने मोजला जाई तेथे तो पाळ्यांनी मोजला जाऊ लागला. रात्रपाळी करून आलेला कामगार झोप मोडून धावावयास गेला, तर तो विसाव्याच्याच खात्यातून खर्च करतो; त्याने त्या दिवशी निजावे, हेच त्याच्या धावण्यास हितकारक. २०१८ च्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पाहणीत तारापूर औद्योगिक क्षेत्र अतिप्रदूषित ठरले होते. तेव्हा कारखान्यांच्या रस्त्यापेक्षा सुरूच्या बनाजवळील किनारा बरा. समुद्राकाठच्या दमट हवेत घाम वाळत नाही आणि अंग निवत नाही. म्हणून ऊन चढण्यापूर्वी धाव आटोपावी. चाळिशी उलटलेल्याने किंवा छातीत दुखण्याचा अनुभव असलेल्याने प्रथम वैद्यास दाखवावे, हे तर सांगावयासही नको.

२००४ पासून मुंबईची आणि २०११ पासून वसई-विरारची मॅरेथॉन ह्या भागातील तरुणांस खुणावीत आहे. त्या अंतरासाठी तीन दिवस अपुरे पडतील. चार-पाच दिवस धावावे लागेल. परंतु ते दिवस वर्षभरात एकेकाने वाढवावयाचे आहेत, एका महिन्यात नव्हे. इतरांनी एकाआड एक असे आठवड्यातून तीन दिवस धरावेत. आरंभी चालणे अधिक, धावणे कमी ठेवावे. आणि मधल्या दिवशी पाय स्वस्थ आहेत म्हणून मन अस्वस्थ होऊ देऊ नये. टप्पा संपल्यावर थैली खाली ठेवणाऱ्या हलकाऱ्यास कोणी आळशी म्हटले नाही. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा वाटेवर हजर असे, आणि टपालास तेवढेच हवे होते.