सेविचे : आंबट रसांतला मासा



पेरू हा शब्द कानीं पडतांच आपल्या डोळ्यांपुढें फळ येतें. आज मला बोलावयाचें आहे तें दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील पेरू देशाविषयीं, आणि तेथील एका पदार्थाविषयीं. त्याला पक्वान्न म्हणावें तर अग्नीचा स्पर्शहि नाहीं!

त्याचें नांव सेविचे. अगदीं ताज्या समुद्रमाशाचे काटे काढून लहान तुकडे करावे, मीठ लावावें, वर लिंबू पिळावें, उभा चिरलेला कांदा व मिरची घालावी आणि थंडगार वाढावें. शेजारीं उकडलेलें रताळें व मक्याचे दाणे. मासा पाहतां पाहतां पांढरा व घट्ट होतो. कारण मांसांतील प्रथिनांची घडण मोडण्याचें आंचेचें काम येथें आंबट रस करतो.

त्या देशाच्या उत्तर किनाऱ्यावर इसवी सनाच्या पहिल्या आठ शतकांत मोचे लोक नांदत होते. ते टुंबो नांवाच्या आंबट वेलफळाच्या रसांत मासा मुरवीत, असें सांगतात. ‘सांगतात’ असेंच मी म्हणतों; कारण त्यांनीं लेख मागें ठेवले नाहींत. मडक्यांवर मासे व लव्हाळ्याच्या होड्या मात्र काढून ठेवल्या आहेत.

लिंबू तेथें नव्हतें. त्याचें मूळ आशियांत. अरबांनीं त्या कुळांतील फळें स्पेनपर्यंत नेलीं, १४९३ सालीं कोलंबसानें दुसऱ्या सफरींत त्यांचें बियाणें समुद्रापार नेलें, आणि १५३२ नंतर पिझारोच्या लोकांमागून लिंबू व कांदा पेरूंत रुजले. शाळेंत मीं वर्षानुवर्षें एवढेंच शिकविलें, कीं स्पॅनिशांनीं अताहुआल्पा राजाला धरलें, खोलीभर सोनें घेतलें आणि तरीहि त्याला मारलें. त्यांनीं मागें काय ठेवलें, हा प्रश्न मीं परीक्षेंत कधीं घातला नाहीं. लिमा शहरांत सेविचेवर पिळतात तें आपलें कागदी लिंबूच; आणि आपली मिरची त्याच खंडांतून पोर्तुगीजांच्या गलबतांतून आली.

१८९९ सालीं ‘साकुरा मारू’ जहाजानें ७९० जपानी मजूर काल्याओ बंदरीं उतरले. पूर्वीं मासा कांहीं तास रसांत पडून राही. जपानी वंशाच्या आचाऱ्यांच्या हातीं तो वेळ मिनिटांवर आला.

पुढें १९९१ च्या जानेवारींत किनाऱ्यावर पटकी उसळली. वर्षभरांत तीन लाखांहून अधिक लोकांना ती लागली व सुमारें तीन हजार दगावले. दूषित पाणी हें मोठें कारण. पण कच्च्या माशावरहि ठपका आला आणि कोळ्यांचा माल पडून राहिला. आरोग्यमंत्री तो खाऊं नका म्हणत होते, तर राष्ट्राध्यक्ष फुजिमोरी लोकांदेखत खाऊन दाखवीत होते. त्याच वर्षीं मंत्र्यांनीं पद सोडलें. मला मंत्र्यांचेंच म्हणणें पटतें; तरीपण ज्याचें पोट जाळ्यावर, त्याची तळमळहि मी कोंकणचा माणूस जाणतों.

कारण लिंबू म्हणजे अग्नि नव्हे. त्यानें मासा शिजल्यासारखा दिसतो, पण त्यांतील कृमि मरतीलच असें नाहीं. शून्याखालीं वीस अंशांवर सात दिवस गोठविल्यास कृमि मरतात. रोगजंतु मात्र त्यानेंहि सगळे मरत नाहींत. घरीं करूं म्हणणाऱ्यानें हें आधीं ध्यानांत घ्यावें. आमच्या घरीं लिंबू लावलेला मासा तव्यावरच जातो.

२०२३ सालीं युनेस्कोनें सेविचेची परंपरा मानवजातीच्या वारशांत नोंदली. लिमांतील जुने लोक तें दुपारींच खातात. पहाटे आलेला मासा सायंकाळपर्यंत ठेवावयाचा नाहीं, असा तेथील रिवाज आहे.