रोहिणीचे पाणी

पालि वाङ्मयात गंगा, यमुना, अचिरवती, सरभू आणि मही या पाच महानद्यांचा उल्लेख वारंवार येतो. रोहिणी त्यांत नाही. नेपाळातील चुरे टेकड्यांत उगम पावून, तराई ओलांडून, गोरखपूरजवळ राप्तीला मिळणारी ही लहान नदी आहे. हिमशिखरांचे वितळणारे पाणी तिला लाभत नाही. तिचा भार पावसावर. म्हणून पावसाळ्यात ती गाळ पसरून भातखाचरे सुपीक करते आणि ज्येष्ठात तिची धार क्षीण होते. शाक्यांचे जीवन या भातावर उभे होते. शुद्धोदन, शुक्लोदन, अमितोदन या नावांत ‘ओदन’ म्हणजे शिजलेला भात आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

शाक्य आणि कोलिय यांच्या संदर्भात रोहिणीचे नाव थेरगाथेतील काळुदायी थेरांच्या गाथांतही आढळते. कलहाची कथा मात्र धम्मपद-अट्ठकथेत व कुणाल जातकाच्या प्रास्ताविकात येते. दोन्ही गणांनी मिळून नदीवर एकच बंधारा घातला होता. ज्येष्ठात पिके सुकू लागली. एका पाण्याने आपले पीक हाती येईल, तेव्हा पाणी आम्हांस द्या, असे दोन्हीकडचे मजूर म्हणू लागले. बोलाचाली हातघाईवर आली, मग एकमेकांच्या कुळांचा उद्धार झाला, आणि प्रकरण अमात्यांकडून राजकुलांपर्यंत जाऊन सेना सज्ज झाल्या. भगवंतांनी येऊन विचारले, कलह कशाचा? राजांना सांगता येईना. सेनापतींना विचारले, उपराजांना विचारले. प्रश्न खाली उतरत उतरत दास-कामकऱ्यांपाशी पोहोचला, तेव्हा उत्तर मिळाले : पाण्याचा.

अट्ठकथाकारांचा कल या ठिकाणी क्षत्रियांच्या रक्ताकडे आहे. पाण्याचे मोल अल्प, क्षत्रियांचे अमोल, असा निवाडा ते देतात. युद्ध थांबविण्यास तो पुरेसा होता हे खरे. परंतु ज्याचे खाचर सुकत होते त्याच्या दृष्टीने पाणी अल्पमोल कसे? बंधाऱ्याच्या पाण्याची वाटणी पुढे कशी झाली, याविषयी कथा मौन पाळते.

कालाचा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे. अट्ठकथा ही घटना संबोधीनंतरची मानते. सुत्तनिपातातील अत्तदण्ड सुत्तात मात्र आपल्या मनात संवेग कसा उत्पन्न झाला याचे पूर्ववृत्त आहे : थोड्या पाण्यात तडफडणाऱ्या मासळ्यांप्रमाणे परस्परविरोधात धडपडणारी प्रजा पाहून भय वाटले. धर्मानंद कोसंबींनी या सुत्ताच्या आधारे गृहत्यागाचा संबंध शस्त्रधारणाशी जोडला. वृद्ध, रोगी, मृत व संन्यासी या चार दर्शनांची पारंपरिक कथा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही बुद्धीस न पटणारी म्हणून नाकारली. 1957 साली प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात त्यांनी रोहिणीचा कलह सिद्धार्थाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी घातला आहे.

तेथे सिद्धार्थ गणाच्या सभेत उभा राहून युद्धाच्या ठरावास विरोध करतो. दोन्ही पक्षांनी दोन-दोन माणसे निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाचांनी तंटा मिटवावा, ही त्याची सूचना. ती बहुमताने फेटाळली जाते. अट्ठकथेत पाण्याचे मोल विचारले जाते. येथे त्याच्या वाटपाची रीत शोधली जाते. 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतलेल्या पुरुषाला मोलापेक्षा हक्क व निवाडा यांचा प्रश्न प्रथम दिसावा, यात नवल नाही. ही मांडणी अट्ठकथेशी जुळत नाही, असा आक्षेप काही अभ्यासक घेतात. पण अट्ठकथा आज आहेत त्या रूपात बुद्धानंतर अनेक शतकांनी सिद्ध झाल्या. केवळ त्यांच्या बळावर अत्तदण्ड सुत्ताची साक्ष बाजूला सारता येत नाही.

तराईतील नद्या पात्र बदलतात. त्यामुळे तो बंधारा नेमका कोठे होता हे आजच्या प्रवाहावरून ठरविणे धोक्याचे आहे. कोलियांच्या रामग्रामचा म्हणून ओळखला जाणारा स्तूप आज नेपाळच्या परासी भागात झरही नदीच्या काठी आहे, आणि त्याच्या भोवतीही भाताचीच शेते आहेत.