गोव्याहून आलेला फीलमुर्ग

सॉफ्ट पेस्टलच्या कांड्यांना माझ्या वर्गातली मुले रंगीत खडूच म्हणतात. ते फारसे चुकीचे नाही. रंगाची पूड, थोडी खडूची भुकटी आणि कांडी हातात मोडू नये एवढाच डिंक, इतकाच तो मामला. कागद खरखरीत हवा, म्हणजे तो पूड धरून ठेवतो. एका रंगावर दुसरा घासायचा आणि बोटाने हलकेच पसरायचा. एकदा सातवीच्या मुलांना मी रंगीत पक्षी काढायला सांगितला आणि नमुना म्हणून फळ्यावर टर्कीचे एक छापील चित्र लावले. निळसर डोके, गळ्याखाली लोंबणारे लाल मांस, अंगावर दाट पिसे. तास संपेपर्यंत मुलांचे हात मनगटापर्यंत रंगले होते.

दुसऱ्या दिवशी एका मुलाचे वालिद शाळेत आले. सलाम केला, बसले आणि आवाज न चढवता म्हणाले, "सर, जानदार की तस्वीर बच्चे से मत बनवाइए. झाड, फूल, जो चाहे बनवाइए." हे चित्र चारशे वर्षांपूर्वीच्या एका मुसलमान नक्काशाचे आहे, असे सांगायचे अगदी ओठांवर आले होते. पण ते उत्तर झाले नसते. बादशहाच्या दरबारात घडले म्हणून एखादी गोष्ट जायज ठरत नाही. दरबारात शराबही होती.

तो नक्काश म्हणजे उस्ताद मन्सूर, आणि त्याच्यासमोर तो पक्षी कसा आला याची हकीकत खुद्द जहांगीरने आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे. खंबायत बंदराचा कारभार पाहणाऱ्या मुकर्रब खानाला बादशहाने पोर्तुगिजांच्या गोव्याला पाठवले होते. तिथे जे दुर्मीळ मिळेल ते घ्यावे, किमतीकडे पाहू नये, असा हुकूम होता. १६१२ साली खान परतला तेव्हा त्याच्यासोबत काही अजब जनावरे होती. त्यातला एक पक्षी लांडोरीपेक्षा मोठा आणि मोरापेक्षा लहान. मस्तीला आला की मोरासारखी पिसे पसरून नाचायचा. त्याचे डोके आणि मान घडीघडीला रंग बदलत. कधी पोवळी जडवल्यासारखी लाल, कधी कापसासारखी पांढरी, कधी फिरोजी. डोक्यावरचा मांसाचा तुकडा कधी हत्तीच्या सोंडेसारखा वीतभर खाली लोंबायचा, तर कधी गेंड्याच्या शिंगासारखा उभा राहायचा. हे वर्णन बादशहाचे असले तरी त्यात बादशाही थाट कमी आणि नवा पक्षी पाहणाऱ्या पोराची उत्सुकता जास्त आहे.

हे सोंडेचे वाचले तेव्हा मला आपला उर्दू शब्द आठवला. टर्कीला आपण फीलमुर्ग म्हणतो. फील म्हणजे हत्ती. फारसीत त्याला बूकलमून म्हणतात आणि तोच शब्द रंग बदलणाऱ्या सरड्यालाही आहे. या पक्ष्याच्या नावांची गंमत इथेच संपत नाही. इंग्रज त्याला तुर्कस्तानचा समजले, तुर्क त्याला 'हिंदी' म्हणतात आणि पोर्तुगिजांच्या भाषेत तो 'पेरू'. मूळचा तो यातल्या कोणत्याच मुलखाचा नाही. स्पॅनिश लोकांनी सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला तो मेक्सिकोहून युरोपात नेला आणि तिथून शंभरेक वर्षांत तो गोव्याच्या वाटेने आग्र्याला पोहोचला.

बाबरानेही आपल्या आत्मचरित्रात हिंदुस्थानातल्या पशुपक्ष्यांचे बारीक वर्णन केले आहे. पण त्यांची चित्रे काढायला त्याने चित्रकारांना सांगितले नाही, याची नोंद पणतूने मुद्दाम केली आहे. आपण मात्र या जनावरांची चित्रे काढवून घेतली, म्हणजे ऐकून जे आश्चर्य वाटते ते पाहून वाढावे, असे जहांगीर म्हणतो.

मन्सूरची टर्की आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. मागची जमीन जवळजवळ रिकामी. बाग नाही, शिकारी नाही. आधी बारीक रेघांचा खाका, त्यावर सफेद्याचा पातळ हात, मग डिंकात कालवलेल्या रंगांचे एकावर एक थर आणि मधूनमधून कागद उलटा करून अकीकने घोटाई, अशी त्या कारखान्यातली रीत होती. खारीच्या केसांच्या कुंचल्याने एकेक पीस काढायचे. आमच्या पेस्टलमध्ये बोट फिरवले की चूक झाकली जाते. तिथे ती सोय नव्हती. आणि घडीघडीला बदलणाऱ्या डोक्याला रंग कोणता द्यायचा? बादशहाने शब्दांत तिन्ही रंग लिहिले. चित्रकाराला एका क्षणावर थांबावे लागते. मन्सूर निळ्यावर थांबला. मी वर्गात जहांगीरचे ते वर्णन वाचून दाखवले होते, म्हणून माझ्या मुलांपैकी कुणी डोके लाल केले होते, कुणी पांढरे, आणि एकीने तिन्ही रंग एकमेकांत पुसून टाकले होते. मला तिचे चित्र सगळ्यांत खरे वाटले.

बादशहाने मन्सूरला 'नादिर-उल-अस्र', म्हणजे आपल्या काळातला अद्वितीय, असा किताब दिला. १६२० साली काश्मीरमध्ये त्याने शंभरावर फुले चितारली. सैबेरियन क्रौंचाचे त्याचे चित्र कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहे. युरोपच्या शास्त्राने या पक्ष्याला नाव दिले ते १७७३ साली. मन्सूरने तो त्याच्या सुमारे दीडशे वर्षे आधी पाहून काढला होता. सेंट पीटर्सबर्गमध्ये डोडोचे एक चित्र आहे, तेही त्याचेच मानतात. त्याच शतकात डोडो दुनियेतून नाहीसा झाला. जिवंत डोडो पाहून काढलेली रंगीत चित्रे इतकी थोडी आहेत की आजचे शास्त्रज्ञ या कागदाला साक्षीदार मानतात.

आता त्या वालिदांचा प्रश्न. हदीसमध्ये आले आहे की तसवीर काढणाऱ्याला कयामतच्या दिवशी तिच्यात जान फुंकायला सांगितले जाईल, आणि ते त्याला जमणार नाही. अबुल फजलने आईन-ए-अकबरीत अकबराचे एक मत नोंदवले आहे. चित्रकार सजीवाचा एकेक अवयव काढत जातो, पण त्यात जान घालू शकत नाही. त्या लाचारीतूनच त्याला जान देणाऱ्याची आठवण होते. म्हणजे दोन्हीकडे बोलणे एकाच गोष्टीचे आहे, माणसाला जान देता येत नाही. एकाने त्यावरून कुंचला खाली ठेवायला सांगितले, दुसऱ्याने उचलायला. मन्सूरचे चित्र पाहताना मला अकबराचे म्हणणे पटते. त्याने त्या पक्ष्यात आपल्या पदरचे काही घातले नाही. जे समोर होते ते अदबीने पाहिले. पण माझे पटणे दुसऱ्याच्या ईमानावर लादण्याचा हक्क बी.एड.च्या पदवीने मला मिळालेला नाही.

हदीसमध्येच आणखी एक रिवायत आहे. चित्रे काढून पोट भरणारा एक माणूस इब्ने अब्बास यांच्याकडे आला, तेव्हा त्यांनी त्याला, काढायचेच असेल तर झाडे आणि बेजान वस्तू काढ, असे सांगितले. ती मी त्या वालिदांना सांगितली. त्यांना ती माहीत होती. दोघांनी चहा घेतला.

पुढच्या तासाला त्यांच्या मुलाने कागदभर एकच पीस काढले. गळून पडलेले पीस बेजान असते, हे त्याने मला समजावून सांगितले. काळ्यावर तपकिरी, त्यावर तांब्याचा रंग, कडेला हिरवट झाक. रंग पसरवायला त्याने बोट लावले नाही. खडूचे टोक घासून बारीक केले आणि एकेक रेघ ओढत बसला. तास संपला तेव्हा अर्धे पीस व्हायचे होते. मी त्याला मधल्या सुट्टीतही बसू दिले.